मूग नव्हे, मोग

व्हायोलिनच्या तारांचं एक पाकीट समोर घेऊ. व्हिएन्नाहून आलेलं. वर रोमन अक्षरांत कंपनीचं जोडनाव, त्याखाली तारेच्या जातीचं नाव: डॉमिनंट. दुकानदार कंपनीला 'थॉमस्टिक' म्हणतो, व्हायोलिन शिकवणारे सर 'थोमॅस्टिक' म्हणतात आणि विद्यार्थी दोन्ही टाळून 'डॉमिनंटची ए द्या' एवढंच सांगतो. तिघांचंही काम होतं. तार मिळते, खुंटीवर चढते, सुरात लागते.

अडतं ते लिहिताना. इंग्रजी मासिकात वाद्यांविषयी लिहिणारा माणूस पाकिटावरची अक्षरं जशीच्या तशी उतरवतो आणि मोकळा होतो. वाचणाऱ्याने ती हवी तशी वाचावीत. मराठीत ही पळवाट नाही. देवनागरीत नाव लिहायचं म्हणजे उच्चाराचा निकाल द्यायचा. 'थ' लिहिला की थ झाला, 'त' लिहिला की त. संगीतावर लेख लिहिणारा, दुकानाची पाटी रंगवून घेणारा, वर्गात फळ्यावर नावं लिहिणारा शिक्षक, कुणाचीच यातून सुटका नाही. आणि आपण हा निकाल बहुतेक वेळा एका जुन्या सवयीने देतो: अक्षर रोमन दिसलं की ते इंग्रजीच समजायचं.

सवय शाळेतली. रोमन लिपी आपल्याला इंग्रजीच्या तासाला भेटली, त्यामुळे लिपी आणि भाषा यांची गाठ मनात पक्की बसली. वास्तविक त्याच अक्षरांत जर्मन, फ्रेंच, इटालियन, डॅनिश, तुर्की, एस्टोनियन अशा कितीतरी भाषा लिहिल्या जातात आणि प्रत्येकीत अक्षरांचे आवाज वेगळे. आपल्या लिपीचंच पाहा. 'माझा' आणि 'चाळ' हे शब्द एखाद्या हिंदीभाषकाला वाचायला दिले तर तो झ आणि च हिंदीच्या वळणाने काढतो. अक्षर बरोबर ओळखलेलं असतं, आवाज मात्र परका. आपल्या कानाला ते लगेच खटकतं. 'थॉमस्टिक' ऐकणाऱ्या व्हिएन्नाकराचं तेच होत असणार.

जर्मन लिहिताना टी आणि एच शेजारी आले तरी एच मुका राहतो. थ हा आवाज त्या भाषेत नाहीच. म्हणून ते नाव तोमास्टिक-इन्फेल्ड. फ्रान्त्स तोमास्टिक आणि ओटो इन्फेल्ड यांनी 1919 मध्ये व्हिएन्नात ही कंपनी काढली. आतड्यांच्या तारांचा जमाना होता, आणि हे दोघे पोलादी तारांच्या मागे लागले होते. पुढे 1970 मध्ये याच घरातून कृत्रिम धाग्याचा गाभा असलेली डॉमिनंट बाहेर पडली. तिचा आवाज आतड्याच्या तारेच्या जवळ जाणारा, पण हवेतल्या ओलाव्याने ती तेवढी उतरत नाही. मुंबईच्या पावसाळ्यात व्हायोलिन वाजवणाऱ्याला याचं मोल वेगळं सांगायला नको.

व्हायोलिनच्या पेटीतलं दुसरं मोठं नाव पिरास्ट्रो. जर्मनीत फ्रँकफुर्टला लागून ऑफनबाख नावाचं गाव आहे. तिथे 1798 मध्ये जॉर्जो पिरात्सी नावाच्या इटालियन माणसाने तारा वळायला सुरुवात केली. पुढे धंद्यात श्ट्रोबेल हे जर्मन नाव जोडलं गेलं आणि पिरात्सीचं 'पिरा' व श्ट्रोबेलचं 'स्ट्रो' मिळून पिरास्ट्रो तयार झालं. यात एक गंमत आहे. जर्मनमध्ये एस आणि टी शब्दाच्या सुरुवातीला आले तर श्ट, मध्ये आले तर सहसा स्ट. त्यामुळे श्ट्रोबेलसाहेब स्वतःच्याच कंपनीच्या नावात शिरताना आपला श बाहेर ठेवून आले.

या कंपनीच्या गाजलेल्या तारेचं नाव आपल्या दुकानांत 'इव्हा पिराझी' असं ऐकू येतं. खरं म्हणजे एवा पिरात्सी. इटालियनमध्ये दोन झेड एकत्र आले की बहुधा त्स होतो, 'पिझ्झा' नव्हे 'पित्सा' होतो तसा. जर्मनमध्ये तर एकटा झेडसुद्धा त्स असतो. मराठी तोंडाला हा आवाज अजिबात अवघड नाही, कारण 'चाळ' आणि 'चमचा' यांतला च म्हणजे हाच त्स. मराठी माणसाला आयता मिळालेला हा आवाज तो इंग्रजीच्या मध्यस्थीने गमावतो, हे मला थोडं विनोदी वाटतं आणि थोडं चिडवणारं. पिरास्ट्रोचीच आणखी एक जुनी, आतड्याचा गाभा असलेली तार आहे. तिचं ग्रीक वळणाचं नाव इंग्रजी डोळ्यांना 'युडॉक्सा' दिसतं, जर्मन तोंडात ते 'ऑयडॉक्सा' होतं. ई आणि यू मिळून जर्मनमध्ये ऑय. हाच नियम ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत नेला की तिथला सगळ्यात मानाचा माइक 'न्यूमन' राहत नाही, नॉयमान होतो. गेऑर्ग नॉयमान यांनी 1928 मध्ये बर्लिनमध्ये कंपनी काढली. तिच्या माइकसमोर गायल्याचं गायक मंडळी अभिमानाने सांगतात, आणि त्या सांगण्यात ते न्यूमन असतं.

माइक निघालेच आहेत तर झेनहायझरही उरकून घेऊ. जर्मन शब्दाच्या आरंभी एसनंतर स्वर आला तर तो झ होतो. फ्रित्स झेनहायझर यांनी 1945 मध्ये, युद्ध संपल्या संपल्या, हॅनोव्हरजवळच्या एका गावात प्रयोगशाळा थाटली, तिला पुढे हे नाव मिळालं. इंग्रजी बोलणाऱ्या देशांत सर्रास 'सेनहायझर' चालतं, म्हणून तो उच्चार ऐकून कुणी नाक मुरडण्याचं कारण नाही. पण 'बेहरिंजर'चं समर्थन कसं करायचं? मिक्सर विकणाऱ्या प्रत्येक गल्लीत हा शब्द ऐकू येतो. जर्मनमध्ये स्वरानंतरचा एच फक्त तो स्वर लांबवतो, स्वतः बोलत नाही. म्हणून बेरिंगर. 'जर' तर कुठल्याच हिशेबात बसत नाही. गंमत अशी की हाच नियम आपण दुसरीकडे न शिकता पाळतो. ट्रॉसिंगनच्या माटियास होनर यांच्या माउथऑर्गनला मराठीत कुणी 'होहनर' म्हटलेलं ऐकलं नाही. होनर ते होनरच. नाव कानांवरून आलं की बरोबर येतं, डोळ्यांवरून आलं की बिघडतं, असा माझा कयास आहे. माउथऑर्गन आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या हातोहात आला. मिक्सर खोक्यावरची अक्षरं वाचत वाचत आला.

संगीतकारांच्या बाबतीत मराठीने हा प्रश्न कधीच सोडवलाय. आपण बाख लिहितो, बॅच लिहीत नाही. मोत्सार्ट लिहितो. जुन्या जाणत्या लेखकांनी जर्मन नावं जर्मन उच्चाराने देवनागरीत आणली आणि वाचकांनी ती निमूट घेतली. पण तोच बाख गिटारवर वाजवणारा मुलगा तारा मागतो 'हॅनाबॅक'च्या! नावाच्या शेवटी तीच अक्षरं, तोच ख, हानाबाख. सभागृहात एक न्याय आणि दुकानात दुसरा, असं का असावं? जर्मन खुंट्यांचा शालर आपल्याकडे 'स्कॅलर' होतो. लोलकाचे मेट्रोनोम बनवणारा इस्नी गावचा व्हिटनर बिचारा फारसा बिघडत नाही, कारण मराठी कान व आणि व्ह यांत फार भांडत नाही. मेट्रोनोमचं पेटंट 1815 मध्ये घेणारा मेल्त्सेल मात्र मराठी पुस्तकांत 'मेलझेल' म्हणून वावरतो. स्वरलिपीच्या डोक्यावर गतीच्या आकड्याआधी जो जोड-एम दिसतो, त्यातला पहिला एम त्याच्या नावाचा. डॅनिश तारांचं यार्गर हे नाव चेलो वाजवणाऱ्यांना माहीत असतं. डॅनिशमध्ये जे म्हणजे य, त्यामुळे 'जार्गर' म्हणू नये. एवढं जर्मन-डॅनिश पुरे.

आता ज्या नावाने जगभरच्या ड्रमरना छळलंय त्याच्याकडे येऊ. ड्रमसेटच्या थाळ्यांवर, ज्याला ड्रमर सिंबल म्हणतात, सगळ्यात जास्त दिसणारं हे नाव. झेड, आय, एल, मग डी आणि जे एकमेकांना चिकटलेले, पुढे आयएएन. मराठी ड्रमर यातून 'झिल्डजियन', 'झिल्डीयन', 'झिलजान' असं काहीही काढतो, आणि डी-जेची जोडी पाहून 'झिल-डीजे-यान' म्हणणारेही असतात.

हे नाव उलगडायला सोळाशे अठराच्या इस्तंबूलमध्ये, तेव्हाच्या कॉन्स्टँटिनोपलमध्ये जावं लागतं. आवेदिस नावाचा एक आर्मेनियन किमयागार तिथे सोनं बनवण्याच्या खटपटीत होता. सोनं झालं नाही. पण तांबं आणि कथील यांचं असं मिश्रण हाती लागलं की त्याची थाळी वाजवली तर लखलखीत नाद यायचा आणि ती फुटायची नाही. ऑटोमन फौजेच्या जानिसारी वाद्यवृंदाला अशाच थाळ्या हव्या होत्या. सुलतान दुसरा उस्मान याने त्याला इनाम दिलं आणि नावही दिलं. 1623 मध्ये आवेदिसने स्वतःचा कारखाना घातला आणि तेच आज कंपनीचं स्थापनावर्ष मानतात. म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माआधी सात वर्षं हा धंदा उभा राहिला होता आणि आजही त्याच घराण्याकडे आहे.

दिलेलं नाव तीन तुकड्यांचं. 'झिल' म्हणजे तुर्कीत झांज. 'जी' म्हणजे ते काम करणारा. मराठीत आपण नगारची म्हणतो, खजानची म्हणतो, त्यातला 'ची' फारसीमार्गे आलेला हाच तुर्की प्रत्यय. आणि 'यान' ही आर्मेनियन आडनावांची नेहमीची शेपटी, अमक्याच्या घराण्यातला. झिल-जि-यान. मग मध्ये डी कुठून उपटला? तर त्या काळात तुर्की अरबी लिपीत लिहीत आणि आर्मेनियनची लिपी स्वतःची. नाव रोमन अक्षरांत घालायची वेळ आली ती युरोपशी व्यापार करताना, आणि ऑटोमन व्यापाऱ्यांची युरोपी भाषा फ्रेंच होती. फ्रेंचमध्ये नुसता जे लिहिला तर त्याचा आवाज मऊ, 'मेझर'मधल्या झसारखा होतो. खणखणीत ज हवा असेल तर फ्रेंच माणूस त्याच्या आधी डी लावतो. जिबुती या देशाच्या आणि जिप्सी गिटारवादक जँगो राइनहार्टच्या नावात तो डी याच कामाला उभा आहे. तो बोलायचा नसतोच, तो जेला कडक करायला ठेवलेला पहारेकरी आहे. आजच्या तुर्कीत हाच ज सी या अक्षराने लिहितात. इस्तंबूलच्या दुसऱ्या एका नामांकित सिंबलवाल्याचं आगोप तोमुर्जुक हे नाव म्हणूनच आपण 'तोमुरकुक' वाचून मोकळे होतो.

कंपनी 1929 मध्ये अमेरिकेत गेली, मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या क्विन्झी या गावी. हे गावही वाचायला फसवं. बाहेरचे त्याला क्विन्सी म्हणतात आणि गावकरी दुरुस्त करतात. तिथे अमेरिकन तोंडात झिल-जि-यानचं घाईने 'झिल्जन' झालं. देवनागरीत काय लिहावं? माझ्या मते 'झिल्जियन'. घराण्याचं मूळ त्यात शाबूत राहतं आणि अमेरिकन उच्चाराशीही फार फारकत होत नाही. डला तेवढी रजा द्यावी.

याच घराण्यात भाऊबंदकीही झाली. दोघा भावांत वाटण्या होऊन रॉबर्ट झिल्जियनने 1981 च्या सुमारास कॅनडात न्यू ब्रन्सविक प्रांतात वेगळा कारखाना काढला. नाव ठेवलं आपल्या सॅली, बिली आणि अँडी या तीन मुलांच्या नावांची पहिली दोन-दोन अक्षरं, म्हणजे एसए, बीआय, एएन, घेऊन. योगायोगाने शेवट तोच जुना आयएएन जमला. हे 'सेबियन'. आडनाव सोडून गेले तरी शेपटी सोबत गेली.

तिसरं मोठं नाव पाइस्टे. आपल्याकडे ते 'पेस्ट' होतं, म्हणजे दात घासायचं. एस्टोनियन आडनाव आहे ते, आणि त्या भाषेत त्या शब्दाचा अर्थ झळाळी. हे कुटुंब सेंट पीटर्सबर्गहून टॅलिनला, तिथून महायुद्धाच्या रेट्यात पोलंड, जर्मनी असं करत 1957 पासून स्वित्झर्लंडमध्ये स्थिरावलं. इतक्या देशांतून फिरूनही नावाचा 'पाइ' टिकला. इंग्रजी बोलणारेसुद्धा 'पाइस्टी' म्हणतात, शेवटच्या स्वरातच काय तो फरक.

इथपर्यंत नियम सरळ वाटतो: नाव ज्या भाषेतलं, त्या भाषेच्या रीतीने वाचा. पण पुष्कळ नावं देशांतर करतात आणि मग हा नियम लंगडा पडतो. क्लॅरोनेट आणि सॅक्सोफोन वाजवणाऱ्यांना लागणाऱ्या वेताच्या पत्त्या, रीड, घ्या. त्यांतलं सर्वात नावाजलेलं घर पॅरिसचं. 1905 मध्ये पॅरिस ऑपेरातला एक क्लॅरोनेटवादक स्वतःच्या पत्त्या स्वतः तासत असे. सोबतच्यांनी मागितल्या, मागणी वाढली आणि धंदा झाला. त्याचं आडनाव बेल्जियमकडच्या फ्लेमिश वळणाचं, व्हान डोरेन. पण दुकान पॅरिसचं, वेत दक्षिण फ्रान्समधल्या व्हार भागातला, आणि दोन शब्दांचं आडनाव एकत्र जोडून फ्रेंच तोंडाने ते झालं 'व्हाँदोरेन'. आता इथे फ्लेमिश उच्चार उकरून काढण्यात काय अर्थ? मालकाच्या घरात जे बोलतात ते घ्यावं. फ्रेंच राळेचं बेर्नार्देल हेही असंच. शेवटचा एल बोलायचा, आणि ड दंत्य.

इटालियन नावं अमेरिकेला गेली त्यांची कथा आणखी मजेची. गिटारच्या तारांत दाद्दारियो हे बहुधा जगातलं सर्वांत परिचित नाव. इटलीत आब्रुत्सो प्रांतात साल्ले नावाचं डोंगरी गाव आहे. तिथे घरोघर आतड्याच्या तारा वळत. त्या गावचं हे कुटुंब विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कला आलं. नावात डीनंतर वर स्वल्पविरामासारखी एक खूण आहे, ती पाहून आपले गिटारवादक थबकतात आणि 'डी... अॅडारियो' असा श्वास घेतात. तिथे थांबायचं काही नाही. इटालियनमध्ये दोन शब्द जुळताना एक स्वर गळला, एवढीच ती खूण. साल्ले गावात दाद्दारियो, न्यूयॉर्कमध्ये 'डडेरियो'. मराठीत यांतला कुठलाही लिहिला तरी चालेल असं मला वाटतं, पण मध्ये फट ठेवू नये.

ड्रमवर चढवायच्या प्लास्टिकच्या पुड्या बनवणारे रेमो बेली असेच इटालियन वंशाचे अमेरिकन. 1957 मध्ये त्यांनी पॉलिएस्टरच्या पुड्या बाजारात आणल्या आणि पावसात कातडं सैल पडण्याची ड्रमरची कटकट संपवली. अमेरिकेत त्यांच्या नावाचं 'रीमो' झालं. आपल्याकडे मात्र रेमो फर्नांडिसच्या गाण्यांवर वाढलेल्या पिढीला रीमो म्हणणं जमणार नाही, आणि गोव्यात तर हे नाव रेमो म्हणूनच उच्चारलं जातं. इथे आपला चुकीचा वाटणारा उच्चार मूळ इटालियनला अमेरिकनपेक्षा जवळचा निघतो. राहू द्यावा.

आणि मग मूग. गिटारवादकाच्या पायाखालच्या ज्या पेट्या आवाज वळवतात, गढूळ करतात, फिरवतात, त्यांतल्या काहींवर, आणि अर्थात त्या प्रसिद्ध सिंथेसायझरवर, रॉबर्ट मोग यांचं आडनाव असतं. दोन ओ पाहून सगळं जग 'मूग' म्हणतं. मोग यांनी मुलाखतींतून पुन्हापुन्हा सांगितलं होतं की घराणं मूळचं जर्मन आणि उच्चार 'व्होग'शी यमक जुळणारा, मोग. ते 2005 मध्ये गेले. जगाने अजून ऐकलेलं नाही. इतरांचं सोडा, मराठी माणसाने तरी ऐकायला हवं, कारण तोंडात मूग धरून बसण्याची जबाबदारी आपल्याकडे दुसऱ्याच लोकांवर आहे. मोग यांनी सुरुवातीला ज्या वाद्याचे सुटे भाग विकले, त्या हात न लावता वाजणाऱ्या थेरेमिनच्या नावालाही इतिहास आहे. रशियन संशोधक लेव्ह तेरमेन युरोपात आले, फ्रेंच धाटणीत त्यांच्या आडनावाच्या टीला एच चिकटला, आणि इंग्रजीने त्या एचला खरा मानून थ केला. आता वाद्याला थेरेमिन आणि माणसाला तेरमेन म्हणावं, हेच बरं. वाद्याचं नाव जगाच्या मालकीचं झालंय, माणसाचं नाही.

जपानी कंपन्यांनी तर हा खेळ मुद्दामच खेळला. इलेक्ट्रिक गिटार, पट्टे, तारा, पेडल अशा नाना वस्तूंवर दिसणारं आयबानेझ हे नाव स्पॅनिश. व्हॅलेन्सियाचा साल्वाडोर इबान्येथ हा गिटार बनवणारा कारागीर. नागोयाच्या होशिनो कंपनीने 1929 पासून त्याच्या गिटारी आयात केल्या आणि पुढे त्याचं नावच घेतलं. मूळ स्पॅनिशमध्ये एनच्या डोक्यावर एक लाटेसारखी रेघ असते, तिच्यामुळे न्य होतो. जपानला जाताना ती रेघ गळाली. होशिनोंच्या देशात हे नाव 'आयबानीझु' असं उच्चारतात. आता स्पॅनिश शुद्धतेचा आग्रह धरून कुणी दुकानात 'इबान्येथ' मागितलं तर दुकानदार त्याला परत पाठवेल, आणि बरोबरच करेल. हे नाव आता जपानी आहे. इकुतारो काकेहाशी यांनी 1972 मध्ये ओसाकात रोलँड काढली तेव्हा त्यांना कुठल्याही देशात सहज बोलता येईल असं दोन अवयवांचं छोटं नाव हवं होतं. सापडलं तेही असं की जपानी तोंडाला त्यातला र आणि ल वेगळे काढणं कठीण. सूर जुळवायच्या छोट्या यंत्रांसाठी प्रसिद्ध असलेली कॉर्ग म्हणजे केयो या कंपनीच्या नावाचा क आणि ऑर्गन यांची जोडणी. 1975 मध्ये सुईवर सूर दाखवणारा, हातात धरता येईल असा ट्यूनर तिनेच आणला. गिटारच्या खुंट्या बनवणाऱ्या गोतोच्या शेवटी एच दिसतो, तो होनरमधल्या एचसारखाच मुका, ओ लांबवणारा.

आता घराकडे. मिरजेच्या सतारी आणि तंबोऱ्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. भोपळा, लाकूड, कारागिरी तिथली, पण त्यावर चढणारी पोलादी तार बऱ्याचदा जर्मन. बव्हेरियात र्‍योस्लाऊ नावाचं छोटं गाव आहे, तिथल्या तारकारखान्याची पियानोची तार सतारीला आणि तंबोऱ्याच्या जोडाला चांगली लागते, म्हणून या नावाला आपल्याकडे मान आहे. ओच्या डोक्यावर दोन टिंबं. तो आवाज मराठीत नाही: ओठ ओसारखे गोल करायचे आणि आतून ए म्हणायचा. हे जमलं नाही तर 'रोस्लाऊ' म्हणावं. 'रोसलॉ' मात्र नको, कारण एयू म्हणजे जर्मनमध्ये आऊ, आणि आऊ तर आपल्याला येतोच.

पेटीवाल्यांचा बाजार याहून जुना. हार्मोनियमचे सूर, म्हणजे आतल्या नाद देणाऱ्या पट्ट्या, पूर्वी युरोपातून येत. आज पालिताण्याला सूर बनतात, तरी जुन्या पेट्यांतल्या 'पॅरिस' आणि 'जर्मन' सुरांची चर्चा निघाली की जाणकारांचे डोळे लकाकतात. पॅरिसच्या कासरिएल या पेटीवाल्याचं नाव त्यात येतं, आणि जर्मनांत सर्वांत मानाचं 'ज्युबिलेट'. हा शब्द लॅटिन आहे, आनंदाने जयघोष करा असा त्याचा अर्थ. जर्मन माणूस तो 'युबिलाते' असा उच्चारतो. पण पेटीच्या दुनियेत तीन-चार पिढ्यांनी ज्युबिलेट म्हणूनच तो सूर विकला, घेतला, जुन्या पेटीतून काढून नव्या पेटीत बसवला. पेटी दुरुस्त करणाऱ्याला 'युबिलाते आहे का?' असं विचारलं तर तो गोंधळेल. इथे मी बाजाराच्या बाजूने आहे. नाव इतकं वापरून झिजलं की ते मराठी झालं. पॅरिसला आपण 'पारी' म्हणत नाही, तसंच ज्युबिलेटचं.

म्हणजे निकाल असा. जे नाव रुळून मराठी झालंय, यामाहा, होनर, ज्युबिलेट, ते तसंच ठेवावं. ज्या नावाचा मालक किंवा घराणं काय म्हणतं हे माहीत आहे, तिथे त्यांचं ऐकावं. मोग म्हणावं, पियानोच्या बाबतीत श्टाइनवेग न म्हणता स्टाइनवे म्हणावं, कारण न्यूयॉर्कला येऊन त्या कुटुंबाने स्वतःच नाव बदललं. आणि जिथे यांतलं काहीच नाही, तिथे नाव ज्या भाषेतलं त्या भाषेचे दोन-चार नियम लावून वाचावं. इंग्रजी हा शेवटचा पर्याय असावा, आज तो पहिला आहे.

दुकानात उभं राहून दुसऱ्याचा उच्चार सुधारायला मात्र जाऊ नका. तार मागणाऱ्याला तार हवी असते. ही काळजी लिहिणाऱ्याने आणि शिकवणाऱ्याने घ्यायची, कारण फळ्यावर किंवा पुस्तकात 'त्स'च्या जागी 'झ' लिहिला की पुढचा विद्यार्थी तोच बरोबर धरून चालतो. कंपन्यांच्या स्वतःच्या चित्रफिती आता घरबसल्या पाहता येतात. लिहिण्याआधी त्यातल्या माणसांच्या तोंडून नाव एकदा ऐका. तेही जमलं नाही तर पाकीट उलटं करा. मागे बारीक अक्षरांत कंपनीच्या गावाचं नाव छापलेलं असतं, व्हिएन्ना, ऑफनबाख, पॅरिस, नागोया. आधी ते वाचा, मग पुढचं नाव लिहा.